पंचनाम्यात न मावलेलं दुकान

पुरात घर गेलं की कुटुंबाला राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून कपड्यांचे आणि भांड्याकुंड्यांचे पैसे मिळतात. केंद्राने २०१५ साली ठरवून दिलेल्या निकषांत कपड्यांसाठी १,८०० रुपये आणि घरसामानासाठी २,००० रुपये होते. त्याला अट एकच: घर वाहून गेलेलं हवं, पूर्ण पडलेलं हवं, नाहीतर दोन दिवसांपेक्षा जास्त पाण्याखाली राहिलेलं हवं. गंगेच्या खोऱ्यात किंवा आसामात पुराचं पाणी आठवडाआठवडा हलत नाही, तिथे ही अट कुणाला टोचणार नाही. कोकणातल्या नद्यांची तऱ्हा वेगळी. सह्याद्रीच्या कड्यावरून उतरायचं, डोंगर आणि समुद्र यांच्यामधला चिंचोळा पट्टा ओलांडायचा आणि खाडीला मिळायचं, एवढंच त्यांचं आयुष्य. इथे पाणी एका रात्रीत चढतं आणि दुसऱ्या रात्रीपर्यंत उतरूनही जातं. तेवढ्या वेळात घरातलं सगळं घेऊन जातं.

२२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं तेव्हा हाच प्रश्न उभा राहिला. घरांतून, दुकानांतून पाणी माणसाच्या डोक्यावर गेलं, पण बहुतेक भागांतून दुसऱ्या दिवशी ते उतरलं होतं. निकषाचा शब्द धरून बसलं असतं तर शहरातली बहुतेक कुटुंबं पूरग्रस्तच ठरली नसती. राज्य मंत्रिमंडळाने ३ ऑगस्टला ४८ तासांची ती अट शिथिल केली आणि कुटुंबामागे १० हजार रुपये सानुग्रह अनुदान जाहीर केलं. हा निर्णय चांगलाच होता आणि वेळेवर झाला. घरांच्या बाबतीत निकष वाकवता येतो, हे त्यातून दिसलं. बाजाराच्या बाबतीत मात्र वाकवायला मूळ निकषच नव्हता.

चिपळूण हे बाजाराचं गाव आहे. मुंबई-गोवा महामार्ग, कोकण रेल्वे आणि कुंभार्ली घाटातून कराडकडे जाणारा रस्ता इथे जवळजवळ येतात. गुहागर, खेड, संगमेश्वराच्या खेड्यापाड्यांतली माणसं लग्नाचा बस्ता, शेताची अवजारं, पावसाळ्याचं प्लास्टिक, औषधं, सिमेंट, सगळं इथून नेतात. वाशिष्ठी नदी शहराला वळसा घालते आणि शिवनदी शहरातूनच येते. कोयनेच्या वीजघरांतून सुटलेलं पाणी कोळकेवाडीमार्गे वाशिष्ठीतच उतरतं. दाभोळच्या खाडीला भरती आली की नदीच्या पाण्याला पुढे वाट उरत नाही. पूर इथे नवा नाही. जुन्या व्यापाऱ्यांना पाणी कुठल्या पायरीपर्यंत येतं हे ठाऊक असतं आणि त्या हिशेबाने खालच्या फळीवरचा माल पावसाळ्यात वर चढवला जातो. २६ जुलै २००५ चा पूर ही गावाच्या मनातली सगळ्यात वरची रेघ होती. ज्यांनी २००५ च्या वर माल ठेवला, त्यांना वाटलं आपण सुरक्षित आहोत.

ती रेघ २२ तारखेच्या पहाटे मोडली. आदल्या दिवशी बकरी ईद होती, त्याच्या आदल्या दिवशी आषाढी एकादशी. रात्रभर पाऊस कोसळत होता. उजाडेपर्यंत बाजारपेठ, चिंचनाका, पेठमाप, गोवळकोट पाण्यात होते, वीज गेली होती, फोन बंद पडत होते. एसटी आगारात व्यवस्थापक आणि काही कर्मचारी आगाराची सुमारे नऊ लाखांची रोकड घेऊन बुडालेल्या बसच्या टपावर कित्येक तास बसून राहिले. एका कोविड रुग्णालयात आठ रुग्णांचे प्राण गेले. वाशिष्ठीवरच्या महामार्गाच्या जुन्या पुलाचा भाग खचला. त्याच दिवशी महाड तालुक्यात तळियेवर दरड कोसळली, खेड तालुक्यात पोसऱ्यावर कोसळली. त्या गावांच्या दुःखापुढे भिजलेल्या मालाची गोष्ट काढायला चिपळूणच्या व्यापाऱ्यांनाही संकोच वाटत होता. पण ती काढायला हवी, कारण बाजार बसला की त्याच्यावर पोट असलेली शंभर खेडी बसतात.

पाणी गेल्यावर राहतो तो गाळ. कोकणातला पुराचा गाळ तांबडा, चिकट आणि घोटाभर ते गुडघाभर. तो लगेच काढला नाही तर सुकून भिंतीला धरतो आणि मग फावड्यालाही दाद देत नाही. दुकानाचं शटर चिखलाने अडकलेलं असतं, ते पहारीने उचलावं लागतं. आत सिमेंटच्या पोत्यांचे दगड झालेले. कापडाचे तागे पाणी पिऊन इतके जड की दोघांना उचलत नाहीत, आणि तिसऱ्या दिवशी त्यांना वास सुटतो. औषधांच्या दुकानात गोळ्यांच्या स्ट्रिपा वरून कोऱ्या दिसतात, पण विकता येत नाहीत, विकूही नयेत. किराणा दुकानातली साखर वाहून गेलेली असते, पोत्यातल्या कडधान्यांना कोंब आलेले असतात. संगणकाचा सीपीयू टेबलाखाली असतो, म्हणजे हिशेबाचं सॉफ्टवेअर सगळ्यात आधी बुडतं. उधारीची वही गल्ल्याच्या खणात असते. तिची पानं एकमेकांना चिकटलेली असतात आणि शाई उतरलेली असते. त्या वहीत गावाकडून येणं असलेली रक्कम कित्येकदा दुकानातल्या मालाइतकीच असते. तिचा पंचनामा होत नाही.

इथे दुकानदार पहिल्या कात्रीत सापडतो. लेप्टोस्पायरोसिससारख्या रोगाची भीती, दुर्गंधी, पालिकेच्या गाड्या कचरा उचलायला दारात उभ्या, रस्त्यावर दोन्ही बाजूंनी भिजलेल्या मालाचे डोंगर. सगळे सांगतात, काढा लवकर आणि टाका. पण तो माल हाच नुकसानीचा एकमेव पुरावा. महसूलचं पथक पंचनाम्याला यायचंय, विमा कंपनीचा सर्व्हेअर यायचाय. तोवर ठेवावा तर रोगराई, टाकावा तर हातात काहीच नाही. चिपळुणात बहुतेकांनी मोबाइलवर फोटो काढले आणि माल टाकला. ज्यांचे मोबाइल भिजले होते त्यांनी शेजाऱ्याच्या मोबाइलवर काढले. अशा वेळी चार ओळींचा एक आदेश पुष्कळ काम करतो: फोटो आणि शेजारच्या दोन दुकानदारांच्या सह्या पुरावा म्हणून चालतील, माल खुशाल टाका. राज्य सरकारने विमा कंपन्यांना महसूल यंत्रणेचे पंचनामे ग्राह्य धरा आणि दाव्याची निम्मी रक्कम आधी द्या असं सांगितलं, ते याच दिशेचं होतं. फक्त असं सांगणं दर पुरात नव्याने करावं लागतं. ते पावसाळ्याआधीच लिहून का ठेवता येत नाही?

आता पैशाचं. ३ ऑगस्टच्या बैठकीत ११,५०० कोटींची तरतूद जाहीर झाली. त्यात तातडीच्या मदतीचे १,५०० कोटी, पुनर्बांधणीचे ३,००० कोटी आणि पुन्हा असं होऊ नये म्हणून करायच्या कामांचे ७,००० कोटी. आकडा मोठा आहे. दुकानदाराच्या वाट्याला त्यातून आली ती ओळ अशी: प्रत्यक्ष नुकसानीच्या ७५ टक्के किंवा जास्तीत जास्त ५० हजार रुपये. टपरीवाल्याला त्याच हिशेबाने जास्तीत जास्त १० हजार. दुकानदार स्थानिक रहिवासी हवा, मतदार यादीत नाव हवं, रेशनकार्ड हवं, दुकान अधिकृत हवं.

हे ५० हजार कुठून येतात हे पाहिलं की सगळी गोष्ट उलगडते. आपत्ती प्रतिसाद निधीत महाराष्ट्रासाठी केंद्र ७५ टक्के आणि राज्य २५ टक्के घालतं, आणि तो कशावर खर्च करायचा याची यादी केंद्राची. त्या यादीत मृताच्या वारसाला मदत आहे, घर आहे, गोठा आहे, पीक आहे, जमिनीवरचा गाळ उपसणं आहे, दुभतं जनावर आहे, कोंबडी आहे, मच्छिमाराची होडी आणि जाळं आहे. हातमाग-हस्तकलेच्या कारागिराच्या अवजारांना ४,१०० आणि कच्च्या मालाला ४,१०० रुपये होते. दुकान त्या यादीत नाही. किराणा, कापड, औषध, भांडी, गॅरेज, झेरॉक्स, पिठाची गिरणी, सलून, खानावळ यांतलं काही नाही. त्यामुळे राज्याला आपल्या तिजोरीतून वेगळे पैसे काढावे लागतात आणि ते काढण्याचा निर्णय दर वेळी नव्याने करावा लागतो. तो होईल की नाही, किती दिवसांनी होईल, हे त्या वेळच्या मंत्रिमंडळावर, विरोधकांच्या आवाजावर आणि कॅमेऱ्यांच्या गर्दीवर ठरतं. २०१९ साली कोल्हापूर-सांगली बुडाली तेव्हा लहान व्यावसायिकाची कमाल मर्यादा ५० हजार होती. २०२१ ला चिपळूण-महाडला तीच. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाडा बुडाला, ऑक्टोबरात ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर झालं, त्यातही दुकानदाराला ५० हजारांपर्यंतच. या सहा वर्षांत एका फ्रीजची, एका वजनकाट्याची, फर्निचरच्या एका फळीची किंमत कितीने वाढली हे कुणीही बाजारात विचारून यावं.

रहिवासाच्या अटीबद्दलही बोलायला हवं. खोट्या दाव्यांना आळा बसावा हा तिचा हेतू, आणि तो रास्त आहे. पण बाजारपेठेत भाड्याचा गाळा घेऊन बसलेला माणूस पुष्कळदा दुसऱ्या तालुक्यातला असतो. गुहागरकडचा, साताऱ्याकडचा, राजस्थानातून दोन पिढ्यांपूर्वी आलेला. त्याचं रेशनकार्ड गावी आणि दुकान इथे. पाणी दुकानात शिरताना मतदार यादी पाहून शिरत नाही. दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानाला २०१७ च्या कायद्याने परवानाही लागत नाही, ऑनलाइन नुसती सूचना दिली की पुरतं. ती सूचना कित्येकांनी दिलेलीच नसते, कारण तोवर कुणी विचारलेलं नसतं.

विम्याकडे बोट दाखवणारे पुष्कळ भेटतात. व्यापारी आहात, विमा का नव्हता? चिपळुणात कित्येकांचा होता, कारण कॅश क्रेडिट देताना बँक विमा उतरवायला लावते. पण बँकेला चिंता आपल्या कर्जाची. मर्यादा १० लाखांची असेल तर विमाही १० लाखांचा उतरतो, मग दुकानात माल २० लाखांचा का असेना. पुरात त्यातला ८ लाखांचा माल भिजला तर दुकानदाराला वाटतं, १० लाखांचा विमा आहे, आठ मिळतील. विम्याचा हिशेब निराळा. निम्म्याच मालाचा विमा होता, तर नुकसानही निम्मंच भरून मिळेल, म्हणजे चार लाख, आणि त्यातून आणखी वजावटी. गोदाम दुकानापासून दोन गल्ल्या पलीकडे असेल आणि पॉलिसीवर पत्ता फक्त दुकानाचा असेल, तर गोदामातल्या मालाचे शून्य. ही कलमं इंग्रजीत, बारीक टायपात असतात आणि पॉलिसी बँकेच्या फायलीत. दुकानदाराने ती पुरानंतर पहिल्यांदा वाचली असं सर्रास घडतं.

एक गोष्ट खरी, की विमा नियामकाने पुराच्याच वर्षी, १ एप्रिल २०२१ पासून, लहान उद्योगांसाठी सूक्ष्म उद्यम सुरक्षा आणि लघु उद्यम सुरक्षा अशा सोप्या पॉलिसी आणल्या. पाच कोटींपर्यंतच्या मालमत्तेला पहिली चालते, आणि विमा १५ टक्क्यांपर्यंत कमी उतरवलेला असेल तर ती कमतरता मोजली जात नाही. पूर त्यानंतर चार महिन्यांच्या आत आला. नवी पॉलिसी गावातल्या एजंटापर्यंत नीट पोचलीही नव्हती. आज ती आहे, आणि नदीकाठच्या प्रत्येक बाजारपेठेत व्यापारी संघटनेने पावसाळ्याआधी एक दिवस मांडव घालून सगळ्यांच्या पॉलिसी उघडून वाचून दाखवल्या, तर त्याचा उपयोग कुठल्याही मोर्चापेक्षा जास्त होईल असं मला मनापासून वाटतं.

जीएसटीचं कलम मात्र संताप आणणारं आहे. दुकानदाराने माल घेताना जो कर भरला, त्याची वजावट त्याला विक्रीच्या करातून मिळते. केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम १७, पोटकलम ५ प्रमाणे माल हरवला, चोरीला गेला किंवा नष्ट झाला तर ही वजावट मिळत नाही, आणि आधी घेतली असेल तर परत करावी लागते. पुरात दहा लाखांचा माल गेला आणि त्यावर १८ टक्के कर असेल, तर १ लाख ८० हजारांची वजावट सोडून द्यायची. म्हणजे एका हाताने सरकार जास्तीत जास्त ५० हजार देतं आणि दुसऱ्या हाताने त्याच नुकसानीपोटी त्याच्या तिपटीहून जास्त घेतं. चोरी आणि पूर यांना एकाच ओळीत बसवणाऱ्या या कलमाला, अधिकृतपणे जाहीर झालेल्या आपत्तीपुरता अपवाद करणं जीएसटी परिषदेच्या आवाक्यातलं आहे. त्यासाठी महाराष्ट्राने परिषदेत आग्रह धरायला हवा.

कर्जाची बाजूही हल्ली अधिक पातळ झाली आहे. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ मध्ये तेरावं कलम होतं: आपत्ती फार मोठी असेल तर राष्ट्रीय प्राधिकरण कर्जफेडीत सवलत देण्याची किंवा सवलतीच्या अटींवर नवं कर्ज देण्याची शिफारस करू शकतं. चिपळूणच्या वेळी ते कायद्यात होतं. जुलै २०२४ मध्ये वायनाडला दरडी कोसळल्या, तिथल्या लोकांच्या कर्जमाफीचा प्रश्न केरळ उच्च न्यायालयात गेला, आणि सुनावणी चालू असतानाच २०२५ च्या दुरुस्तीने हे कलम काढून टाकलं. आता उरतात ते रिझर्व्ह बँकेचे निर्देश. त्यांत कर्जाची फेररचना आहे, म्हणजे हप्ते पुढे ढकलणं. व्याज चालूच राहतं.

मग चिपळूणचा बाजार उभा राहिला कसा? कारण तो राहिला. १० सप्टेंबरला गणपती होते. पुरानंतर बरोबर पन्नासाव्या दिवशी. कोकणातल्या व्यापाऱ्याला वर्षाची कमाई या दिवसांत होते, चाकरमानी मुंबईहून येतात तेव्हा. त्याआधी दीड वर्ष कोविडच्या निर्बंधांचं, दुपारी चारला शटर ओढण्याचं. त्यातच निसर्ग वादळ. गणपती चुकले असते तर कित्येक दुकानं कायमची मिटली असती. ती मिटली नाहीत याचं मोठं श्रेय सरकारी मदतीपेक्षा घाऊक व्यापाऱ्यांच्या उधारीला आहे. मुंबई, पुणे, कोल्हापूर, कराडच्या घाऊक पेढ्यांनी जुनी बाकी मागे ठेवून नवा माल पाठवला, कंपन्यांच्या वितरकांनी मुदत वाढवून दिली. कोणत्या लेखी हमीवर? बहुतेक ठिकाणी कोणत्याच नाही. बापाच्या वेळेपासूनचा व्यवहार, एवढ्यावर. ज्याचा तसा व्यवहार नव्हता, ज्याने दोन वर्षांपूर्वी दागिने गहाण ठेवून मोबाइल दुरुस्तीचं नाहीतर ब्यूटी पार्लरचं दुकान टाकलं होतं, त्याला उधारीवर कोण देणार? सावकाराच्या दारात गेले ते हेच.

देणाऱ्यांची रांग चिपळुणात मोठी होती. राज्यभरातून टेम्पो आले, चादरी, तांदूळ, पाणी, शेगड्या आल्या. संस्थांची माणसं आठवडाभर राहून घरं साफ करत होती. १८६४ साली स्थापन झालेल्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराचे हजारो ग्रंथ चिखलात गेले, तेव्हा वाचणाऱ्या महाराष्ट्राला हळहळ वाटली, आणि ती वाटायलाच हवी होती. पण दुकानदाराला कुणी मदतीचं पाकीट देत नाही आणि तोही हात पुढे करत नाही. गावाची वर्गणी त्याच्याकडे मागायची असते. शिमग्याची, जत्रेची, शाळेच्या इमारतीची. त्याच्याकडे पैसे असतातच, असा गावाचा समज. भिजलेल्या मालाच्या ढिगापुढे उभा राहूनही तो समज त्याला मोडवत नाही. पंचनाम्याच्या रांगेत कित्येक जण गेलेच नाहीत. पन्नास हजारांसाठी अर्ज करणं त्यांना आपल्या प्रतिष्ठेला कमीपणा आणणारं वाटलं.

त्यांनी रस्त्यावर येऊन मागितलं ते वेगळंच. डिसेंबर २०२१ मध्ये चिपळूण बचाव समितीने साखळी उपोषण केलं. मागणी होती वाशिष्ठी आणि शिवनदीतला गाळ काढा. व्यापारी, वकील, डॉक्टर, रिक्षावाले पाळीपाळीने मांडवात बसले. नव्या वर्षात जलसंपदा विभागाच्या यंत्रांनी नदीत काम सुरू झालं आणि नाम फाउंडेशन या संस्थेनेही आपली यंत्रं उतरवली. बुडालेल्या बाजाराने स्वतःसाठी अनुदान न मागता नदीचं पात्र मोकळं करून मागावं, यात मला त्या गावाचं शहाणपण दिसतं. दुकानदाराला खरी मदत तीच, जी पुढचा पूर एक फूट खाली आणते. त्याच सुमाराला पूररेषांचा प्रश्नही पुढे आला. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. दोन्ही रेषा गावठाणातून गेल्या की जुन्या घराची, गाळ्याची नवी बांधणी अडते. रेषा हव्यातच, पण रेषेच्या आत शंभर वर्षांपासून असलेल्या बाजाराने जोतं किती उंचवायचं, माळा कसा बांधायचा, त्याला कर्ज कोण देणार, हे रेषा आखणाऱ्यांनी त्याच नकाशाबरोबर सांगायला हवं.

आणि एक माणूस यातल्या कुठल्याच कागदावर नाही. दुकानात काम करणारी मुलगी किंवा पोरगा. पाचदहा मैलांवरच्या वाडीतून रोज एसटीने येणारा, महिन्याला सात-आठ हजारांवर काम करणारा. त्याचं घर डोंगरावर, तिथे पाणी आलं नाही, म्हणून कुटुंबाच्या पंचनाम्यात तो नाही. दुकान मालकाचं, म्हणून दुकानाच्या पंचनाम्यातही तो नाही. गाळ उपसायला मात्र पहिल्या दिवसापासून तोच होता, आणि दुकान बंद असलेल्या महिन्याचा पगार द्यायला मालकाच्या गल्ल्यात काही नव्हतं. दुकानाच्या पंचनाम्यात इथे किती माणसं कामाला होती असा एक रकाना वाढवला, आणि दर माणशी महिन्याची किमान मजुरी थेट त्याच्या खात्यावर पाठवली, तर तलाठ्याचं काम दोन मिनिटांनी वाढेल. नोंद घ्यायला तो त्या दुकानात उभा असतोच, आणि ज्याची नोंद घ्यायची तो फावडं हातात घेऊन शेजारीच असतो.